प्रकल्प-दस्तऐवजांतील द्विरुक्तीचा प्रश्न : एक ऐतिहासिक विवेचन

१

प्रोग्रॅमसंबंधीची माहिती लिहून ठेवण्याचे काम प्रोग्रॅमलेखनाइतकेच जुने आहे. आणि तीच माहिती दोन ठिकाणी लिहिली गेल्यामुळे उत्पन्न होणारा घोटाळाही जवळजवळ तितकाच जुना आहे. गेल्या काही वर्षांत प्रोग्रॅमलेखनास साहाय्य करणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने प्रचारात आली, आणि त्यांना वाचावयास द्यावयाचे दस्तऐवज कसे रचावेत, त्यांतील द्विरुक्ती कशी टाळावी, हा प्रश्न जणू नव्यानेच उद्भवला आहे अशा रीतीने चर्चिला जाऊ लागला. प्रस्तुत लेखाचा हेतू ह्या प्रश्नाची पूर्वपीठिका तपासण्याचा आहे. ती तपासली असता दोन गोष्टी स्पष्ट होतात. एक, ह्या प्रश्नाची मुख्य उत्तरे १९५० ते २००० ह्या अर्धशतकात दिली गेली होती. दुसरी, ती उत्तरे माहीत असूनही पाळली गेली नाहीत. कारण मनुष्यवाचक ती उणीव आपल्या पदरच्या ज्ञानाने भरून काढीत असे. नव्या वाचकाच्या ठिकाणी ते पदरचे ज्ञान नाही.

विवेचनाच्या सोयीसाठी आरंभीच एक भेद करणे इष्ट होईल. एकच गोष्ट दोनदा सांगणे ही पुनरुक्ती होय. एकाच गोष्टीविषयी दोन लेखांनी स्वतंत्रपणे प्रमाणत्वाचा दावा करणे ही त्याहून निराळी अवस्था होय. तिला आपण येथे 'द्विप्रामाण्य' म्हणू. पोथ्यांच्या परंपरेशी परिचित असलेल्या वाचकास हा भेद सहज पटेल. एका ग्रंथाच्या शंभर प्रती असणे हे संकट नव्हे. प्रतींत पाठभेद उत्पन्न होऊन मूळ पाठ कोणता हे सांगता न येणे, हे संकट होय. ज्ञानेश्वरीच्या प्रतींत अपपाठ शिरल्यामुळे एकनाथांना शके १५०६ मध्ये ग्रंथशुद्धीचे कार्य हाती घ्यावे लागले, हे सर्वश्रुतच आहे. प्रोग्रॅमच्या दस्तऐवजांचा इतिहासही बव्हंशी अशाच पाठभेदांचा इतिहास आहे. फरक इतकाच की, तेथे पाठभेद पडण्यास शतके लागत नाहीत. काही आठवडे पुरतात.

२

केंब्रिज येथील एडसॅक हे यंत्र मे १९४९ मध्ये चालू झाले. त्यावर काम करणाऱ्या मॉरिस विल्क्स, डेव्हिड व्हीलर आणि स्टॅन्ली गिल ह्यांनी १९५१ मध्ये प्रोग्रॅमलेखनाच्या पद्धतीवर जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात उपप्रोग्रॅमांच्या संग्रहाची कल्पना केंद्रस्थानी आहे. वर्गमूळ काढणे, संख्या छापणे अशी कामे प्रत्येकाने पुनःपुन्हा न लिहिता, एकदा लिहून व पारखून घेतलेली छिद्रित कागदी फीत संग्रहात ठेवावयाची आणि गरजेनुसार तिची नक्कल आपल्या प्रोग्रॅममध्ये घ्यावयाची, अशी ती व्यवस्था होती. ह्या ग्रंथाची रचना लक्षणीय आहे. संग्रहातील उपप्रोग्रॅम काय करतो, त्याला काय पुरवावयाचे व त्याच्याकडून काय मिळते, ह्याचे वर्णन एका भागात आहे. आणि त्यांपैकी निवडक उपप्रोग्रॅमांची प्रत्यक्ष संहिता निराळ्या भागात आहे. वापरणाऱ्याने वर्णन वाचावे, संहिता वाचण्याची त्याला गरज पडू नये, हा त्यामागील हेतू.

येथेच प्रश्नाचे बीज आहे. उपप्रोग्रॅम एकदाच लिहिला गेला, हे खरे. परंतु त्याच्याविषयीचे ज्ञान दोन ठिकाणी गेले, संहितेत एकदा आणि वर्णनात पुन्हा. १९५२ मध्ये वाचलेल्या आपल्या एका निबंधात व्हीलर ह्यांनी असे नमूद केले की, उपप्रोग्रॅम लिहून व तपासून झाल्यावरही, आतील रचना न जाणणाऱ्यास तो वापरता येईल असे वर्णन लिहिण्याचे काम शिल्लक राहते आणि कदाचित तेच सर्वांत अवघड ठरते. अवघडपणा केवळ लेखनकौशल्याचा नव्हता. संहितेतील दुरुस्ती वर्णनात उतरविण्याची जबाबदारी कोणाची, हे कोणतेही यंत्र सांगत नव्हते.

३

छोट्या संग्रहात जे निभावले, ते मोठ्या प्रकल्पात निभावेना. आयबीएम कंपनीने एप्रिल १९६४ मध्ये सिस्टिम/३६० ही यंत्रमाला जाहीर केली, आणि तिच्यासाठी ओएस/३६० ही प्रणाली लिहिण्याचे काम फ्रेडरिक ब्रुक्स ह्यांच्या नेतृत्वाखाली चालले. १९७५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या 'द मिथिकल मॅन-मंथ' ह्या ग्रंथात ब्रुक्स ह्यांनी त्या प्रकल्पाच्या 'कार्यपुस्तिके'चा वृत्तांत दिला आहे. प्रकल्पातील प्रत्येक टिपण, प्रत्येक विनिर्देश एका सुसंघटित पुस्तिकेचा भाग असावा आणि ती पुस्तिका प्रत्येक प्रोग्रॅमलेखकाच्या टेबलावर असावी, असा निर्णय घेण्यात आला. सहा महिनेही लोटले नाहीत तोच तिची जाडी सुमारे ५ फूट झाली. मॅनहॅटनमधील कचेरीत वाटलेल्या सुमारे १०० प्रती एकावर एक रचल्या असत्या, तर त्या इमारतीहून उंच झाल्या असत्या, असे ब्रुक्स लिहितात. रोज बदललेली सुमारे १५० पाने येत, आणि ती योग्य जागी घालण्यात कामाच्या वेळेचा लक्षणीय भाग खर्च होई. अखेरीस ही पुस्तिका मायक्रोफिशवर नेण्यात आली, आणि प्रत्येक खोलीत वाचनयंत्र देण्याचा खर्च धरूनही १० लक्ष डॉलर वाचले.

ह्या वृत्तांतातील दोन बारकावे आजच्या वाचकाने विशेष ध्यानात घ्यावेत. पहिला असा की, बदललेले पान नुसते पुरवणे पुरेसे नव्हते. काय बदलले आणि त्या बदलाचे महत्त्व किती, हे वाचणाऱ्यास स्वतंत्रपणे कळावे लागे. त्यासाठी समासात खुणा करणे आणि बदलांचा संक्षेप जोडणे अशा युक्त्या योजल्या गेल्या. दुसरा बारकावा त्याच ग्रंथाच्या उत्तरार्धात येतो. एकाच विषयाच्या दोन स्वतंत्र नोंदी परस्परांशी जुळत्या ठेवण्याचा प्रयत्न करणे हा अविचार आहे, असे माहितीसंस्करणाचे शास्त्र सर्वांना शिकविते. परंतु प्रोग्रॅमलेखक स्वतः मात्र यंत्राने वाचावयाचा प्रोग्रॅम एकीकडे आणि माणसाने वाचावयाचे वर्णन दुसरीकडे ठेवून नेमके तेच करीत असतात, असे ब्रुक्स ह्यांनी दाखवून दिले. त्यांचा उपाय असा की, वर्णन प्रोग्रॅमच्या अंगभूत करावे. नावे, मांडणी व टिपा ह्यांच्या द्वारे प्रोग्रॅमनेच स्वतःचे निवेदन करावे.

४

कार्यपुस्तिकेमागील गृहीतकालाच आव्हान देणारा निबंध १९७२ च्या डिसेंबरमध्ये डेव्हिड पार्नास ह्यांनी प्रसिद्ध केला. प्रणालीचे विभाग पाडताना कामाच्या क्रमाचा निकष लावू नये. बदलण्याचा संभव असलेला प्रत्येक निर्णय एका विभागाच्या पोटात झाकून ठेवावा, हा त्यांचा सिद्धान्त. सर्वांना सर्व काही दाखवावे, ह्या ब्रुक्सप्रणीत धोरणाच्या हे अगदी उलट होते. जे इतरांस ठाऊकच नाही, त्यावर इतरांचा प्रोग्रॅम विसंबून राहू शकत नाही. आणि जे विसंबून नाही ते बदलताना मोडत नाही. ब्रुक्स ह्यांनी प्रथम ह्या मताविषयी साशंकता व्यक्त केली. परंतु १९९५ च्या आवृत्तीत ह्या बाबतीत पार्नास ह्यांचे म्हणणे बरोबर व आपले चूक होते, असे त्यांनी निःसंदिग्धपणे मान्य केले.

जवळपास त्याच काळात, १९७० मध्ये, आयबीएमच्या सॅन होझे येथील प्रयोगशाळेतील एडगर कॉड ह्यांनी माहितीसंचयाचे संबंधाधिष्ठित प्रतिमान मांडले. एकाच ग्राहकाचा पत्ता दोन तक्त्यांत असेल तर एक बदलून दुसरा तसाच राहण्याचा धोका असतो, हे ह्या विचारपरंपरेतील सर्वपरिचित उदाहरण. मात्र कॉड ह्यांनी पुनरुक्तीवर सरसकट बहिष्कार घातला नव्हता, ही गोष्ट अनेकदा दुर्लक्षिली जाते. साठविलेल्या माहितीत पुनरुक्ती असेल तर ती यंत्रणेस जाहीर केलेली असावी, म्हणजे यंत्रणेला विसंगती शोधता येईल, असे त्यांचे प्रतिपादन होते. आपल्या परिभाषेत सांगावयाचे तर, ज्ञात पुनरुक्ती सह्य आहे. अज्ञात द्विप्रामाण्य नाही.

ह्या दोन तात्त्विक विवेचनांच्या जोडीस एक व्यावहारिक उदाहरण ठेवण्याजोगे आहे. बेल प्रयोगशाळेतील केन टॉम्सन आणि डेनिस रिची ह्यांच्या यूनिक्स प्रणालीच्या पुस्तिकेची पहिली आवृत्ती ३ नोव्हेंबर १९७१ ची आहे. तीत प्रत्येक आज्ञेस स्वतंत्र प्रकरण असून त्याचा साचा ठरलेला आहे : नाव, वापराची रीत, वर्णन, संबंधित अन्य प्रकरणांचा निर्देश, ज्ञात दोष, आणि अखेरीस त्या आज्ञेचा 'स्वामी' कोण, ह्याची नोंद. ह्या छोट्याशा साच्यात द्विरुक्तीविरुद्धचे दोन्ही उपाय एकत्र आले आहेत. जे अन्यत्र सांगितले आहे ते पुन्हा न सांगता तिकडे बोट दाखवावयाचे. आणि प्रत्येक लेखाच्या खरेपणास कोणी एक व्यक्ती उत्तरदायी आहे, हे लेखातच सांगावयाचे.

५

प्रोग्रॅम व त्याचे निवेदन ह्यांचे अद्वैत साधण्याचा सर्वांत धाडसी प्रयत्न स्टॅन्फर्ड विद्यापीठातील डोनाल्ड कनूथ ह्यांचा होय. १९८४ मध्ये त्यांनी 'साहित्यिक प्रोग्रॅमलेखना'चा पुरस्कार केला. लेखकाने एकच संहिता लिहावयाची; तीतून एका साधनाने यंत्रासाठी प्रोग्रॅम काढावयाचा, आणि दुसऱ्या साधनाने माणसासाठी मुद्रणयोग्य निबंध काढावयाचा, अशी ही पद्धती. कनूथ ह्यांनी आपली टेक्स ही मुद्रणप्रणाली याच पद्धतीने लिहिली आणि तिची संपूर्ण संहिता १९८६ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. ही पद्धती सार्वत्रिक झाली नाही. प्रोग्रॅमलेखक आणि निबंधलेखक ह्या दोन्ही भूमिका एकाच व्यक्तीने सारख्याच आस्थेने वठवाव्यात, ही तिची अपेक्षा मोठी होती. परंतु एका मूळ लेखातून अनेक रूपे निर्माण करावीत, हे तिचे सूत्र टिकले. प्रोग्रॅममधील टिपांतूनच संदर्भपुस्तिका तयार करणारी पुढच्या काळातील साधने ह्याच सूत्राचा सौम्य आविष्कार होत.

१९९९ मध्ये अँड्र्यू हंट आणि डेव्हिड टॉमस ह्यांनी ह्या सर्व अनुभवाचे सार एका नियमात ग्रथित केले. प्रणालीतील प्रत्येक ज्ञानांशाला एकच, असंदिग्ध आणि अधिकृत स्थान असावे, असा त्याचा आशय. नियम लोकप्रिय झाला, आणि लोकप्रियतेबरोबर त्याचा विपर्यासही झाला. प्रोग्रॅमच्या ओळींची नक्कल करू नये, एवढाच त्याचा अर्थ घेतला जाऊ लागला. म्हणून २०१९ च्या आवृत्तीत ग्रंथकारांना खुलासा करावा लागला की, नियम ओळींच्या द्विरुक्तीविषयी नसून ज्ञानाच्या व हेतूच्या द्विरुक्तीविषयी आहे. दोन ठिकाणच्या ओळी अक्षरशः सारख्या असूनही त्या दोन निरनिराळ्या नियमांच्या निदर्शक असतील, तर ती द्विरुक्ती नव्हे. उलटपक्षी, एकच नियम एकदा प्रोग्रॅममध्ये व एकदा गद्यात असेल, तर शब्द सर्वस्वी भिन्न असूनही ती द्विरुक्ती होय. दस्तऐवजांच्या दृष्टीने हा खुलासा फार महत्त्वाचा आहे.

६

एवढे सगळे सांगून झाले होते, तरी सामान्य प्रकल्पाची स्थिती काय होती? रीडमी फाइलमध्ये एक कृती, अंतर्गत टिपणांत दुसरी, आणि प्रत्यक्ष प्रोग्रॅममध्ये तिसरी, असे चित्र सर्रास आढळे. तरीही कामे चालत. कारण मनुष्यवाचक अलिखित ज्ञानाने समृद्ध असतो. ते पान जुने आहे, अमुक टिपण लिहिणारे गृहस्थ प्रकल्प सोडून गेले, ह्या बाबतीत तमुक बाईंना विचारावे, ह्या गोष्टी कोठेही लिहिलेल्या नसतात, परंतु सर्वांना ठाऊक असतात. लेखी द्विप्रामाण्याचा निवाडा अशा रीतीने मौखिक परंपरा करीत असे.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या सहायकांनी ही मौखिक परंपरा निरुपयोगी ठरविली. २०१७ मध्ये मांडल्या गेलेल्या ट्रान्सफॉर्मर रचनेवर ही साधने आधारलेली आहेत. २०२१ मध्ये गिटहब कोपायलटचे प्राथमिक रूप उपलब्ध झाले तेव्हा चालू फाइलमधील पुढच्या ओळी सुचविणे एवढेच त्याचे मुख्य काम होते. २०२५ पर्यंत संपूर्ण प्रकल्प वाचून, आज्ञा चालवून, अनेक फाइलींत बदल करणारी साधने रूढ झाली. ह्या वाचकाचे तीन विशेष आपल्या विषयाशी निगडित आहेत.

पहिला विशेष स्मृतीचा. प्रत्येक नवे सत्र कोऱ्या पाटीने सुरू होते; काल सांगितलेली गोष्ट लिहिलेली नसेल तर आज ती नाही. दुसरा विशेष अवधानाचा. एका वेळी किती मजकूर विचारात घेता येईल ह्याची मर्यादा टोकनांत मोजतात. २०२० मधील जीपीटी-३ ची मर्यादा २,०४८ टोकनांची होती. २०२४ मध्ये १० लक्ष टोकनांपर्यंतची प्रतिमाने अवतरली. परंतु मर्यादा वाढली म्हणून अवधान समान पसरते असे नाही. दीर्घ मजकुराच्या आरंभी व अंती असलेली माहिती प्रतिमानांना चांगली वापरता येते आणि मध्यभागी असलेली निसटते, असे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका परिचित अभ्यासात तत्कालीन प्रतिमानांच्या बाबतीत आढळून आले. म्हणजे ५ फूट जाडीची कार्यपुस्तिका टेबलावर मावू लागली, तरी ती सगळी समोर ठेवावी की नाही, हा पार्नास-ब्रुक्स वाद मिटलेला नाही. मराठीतून टिपणे लिहिणाऱ्यांस तर हा प्रश्न अधिकच जाणवतो. कारण देवनागरी मजकुरास तेवढ्याच आशयाच्या इंग्रजी मजकुराहून सामान्यतः अधिक टोकने लागतात.

तिसरा विशेष सर्वांत महत्त्वाचा असून तो प्रामाण्याचा आहे. समोर आलेल्या दोन परस्परविरोधी लेखांपैकी कोणता ग्राह्य, हे ठरविण्यास यंत्राजवळ लेखांपलीकडचे साधन थोडे असते. समजा, एखाद्या ग्रंथालयाच्या प्रोग्रॅममध्ये विलंबदंडातून ७ दिवसांची सूट आहे आणि एका टिपणात ती १० दिवसांची लिहिली आहे. माणूस ग्रंथपालांकडे जाऊन विचारील. यंत्र कदाचित विसंगती निदर्शनास आणील. कदाचित टिपणास प्रमाण मानून प्रोग्रॅम बदलील. कदाचित प्रोग्रॅमला प्रमाण मानून टिपण बदलील. शेवटच्या दोन्ही प्रकारांत विसंगती नाहीशी होते, आणि तिच्याबरोबर चूक झाल्याचा पुरावाही नाहीसा होतो. द्विरुक्तीचा खरा धोका श्रमांच्या अपव्ययात नसून येथे आहे.

७

उपरोधाची गोष्ट अशी की, ह्या साधनांच्या आगमनाने द्विरुक्ती प्रथम वाढली. प्रत्येक साधनाने आपल्या सूचनांसाठी स्वतःची फाइल ठरविली. कर्सरची निराळी, कोपायलटची निराळी, क्लॉड कोडची निराळी. दोन-तीन साधने वापरणाऱ्या प्रकल्पात एकच सूचनापत्र तीन नावांनी नांदू लागले, आणि पहिल्याच दुरुस्तीत त्यांचे पाठ भिन्न झाले. २०२५ मध्ये एजंट्स.एमडी ह्या सामाईक नावाचा पुरस्कार सुरू झाला, तो ह्या अनवस्थेवरील उतारा म्हणून. उपविभागात स्वतंत्र फाइल असल्यास जवळच्या फाइलीस अग्रक्रम द्यावा, हा त्यातील संकेत प्रामाण्याची उतरंड स्पष्ट करतो, म्हणून स्वागतार्ह आहे.

पूर्वोक्त इतिहासावरून दस्तऐवजांच्या रचनेसंबंधी पुढील निष्कर्ष काढता येतात. जे प्रोग्रॅममधूनच निष्पन्न होते, उदाहरणार्थ आवृत्तिक्रमांक किंवा चाचणी चालविण्याची आज्ञा, ते गद्यात पुन्हा लिहू नये. ज्या फाइलीत ते प्रत्यक्ष वापरले जाते तिचा निर्देश करावा. सूचनांची प्रवेशफाइल आखूड असावी. तीत सदैव पाळावयाचे नियम आणि अन्य दस्तऐवजांचा नकाशा एवढेच असावे. इतर साधनांच्या फाइली तिच्याकडे बोट दाखविणाऱ्या असाव्यात. निर्णयांचा इतिहास निराळा ठेवावा. मायकेल नायगार्ड ह्यांनी २०११ मध्ये सुचविलेल्या पद्धतीप्रमाणे, प्रत्येक निर्णयाचे छोटे टिपण करावे, ते मागाहून न बदलता नव्या टिपणाने रद्द करावे, आणि रद्द झाल्याचे त्यावर नमूद करावे. ही शेवटची नोंद नसेल तर जुना निर्णय यंत्रास चालू नियमासारखाच दिसेल. आणि यूनिक्स पुस्तिकेप्रमाणे प्रत्येक दस्तऐवजाचा स्वामी त्यातच लिहिलेला असावा.

८

ह्या भूमिकेवर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, बोट दाखविलेली फाइल यंत्र उघडीलच ह्याची शाश्वती नाही. म्हणून महत्त्वाची गोष्ट दोनदा सांगणेच सुरक्षित. आक्षेपात तथ्य आहे. म्हणूनच ज्या नियमाचा भंग झाल्यास नुकसान होईल, तो प्रवेशफाइलीतच असला पाहिजे. मात्र अन्य दस्तऐवजाचा तेथे संक्षेप द्यावयाचा झाल्यास, संक्षेप हा संक्षेप आहे आणि प्रमाणलेख अमुक आहे, हे तेथेच सांगावे. बदलणारे आकडे व आज्ञा संक्षेपात घालू नयेत. कॉड ह्यांनी सांगितलेली जाहीर पुनरुक्ती ती हीच.

दुसरा आक्षेप अधिक मूलगामी आहे. प्रती जुळत्या ठेवण्याचे कंटाळवाणे काम यंत्रच करू शकत असेल, तर द्विरुक्तीची चिंता कशाला? ह्याचे उत्तर असे की, प्रती जुळविणे आणि खरी प्रत कोणती हे ठरविणे ही दोन भिन्न कामे आहेत. पहिले यांत्रिक आहे आणि ते यंत्राकडे सोपविण्यास हरकत नाही. दुसरे काम निवाड्याचे आहे. ग्रंथालयाची सूट ७ दिवसांची की १० दिवसांची, हे प्रोग्रॅमकडे किंवा टिपणाकडे पाहून ठरत नाही. ते ग्रंथालयाच्या निर्णयावरून ठरते. तो निर्णय कोणी केला व तो कोठे नोंदविला आहे, हे प्रकल्पात एकाच ठिकाणी सांगितलेले असेल, तरच यंत्राने केलेली जुळवाजुळव शुद्धीकरण ठरेल. नाहीतर ती अपपाठाची प्रतिष्ठापना ठरेल.

आपल्या विभागांतील संशोधनप्रकल्पांनाही हे विवेचन लागू आहे. विद्यार्थी पदवी घेऊन जातात, त्यांचे प्रोग्रॅम व टिपणे मागे राहतात, आणि पुढील विद्यार्थी ती आता बहुधा एखाद्या सहायकाच्या मदतीने वाचतो. मागे राहिलेल्या टिपणांत प्रत्येक नियमास एक घर आणि प्रत्येक घरास एक धनी असेल, तर तो वाचक, मनुष्य असो वा यंत्र, पूर्वसूरींच्या कामावर आपले काम उभारू शकेल. व्हीलर ह्यांनी १९५२ मध्ये ज्या कामास सर्वांत अवघड म्हटले, ते यंत्रांच्या साह्याने आज पुष्कळ हलके झाले आहे. परंतु त्यातील प्रमाण ठरविण्याचा भाग आजही प्रकल्प करणाऱ्यांच्याच वाट्यास आहे.